पहिली कादंबरी लिहायचीय पण बसणं होत नाहीये, तर

"एक कादंबरी डोक्यात आहे, जरा वेळ मिळाला की लिहिणार" हे वाक्य मी जवळजवळ नऊ वर्षं बोलत होते. त्या नऊ वर्षांत वह्या होत्या, लॅपटॉपवर फोल्डर होतं, कादंबरीचं नावसुद्धा ठरलेलं होतं, फक्त कादंबरी नव्हती. नंतर ती लिहून झाली, चौदा महिने लागले, आणि त्या चौदा महिन्यांत मला जे कळलं ते कुणीतरी आधी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं असं अजून वाटतं, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात आधी एक गोष्ट. आपण "मोटिव्हेशन नाहीये" म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यासमोर असते ती उर्मी, म्हणजे एकदम काहीतरी दाटून येतं आणि माणूस लिहायला बसतो. कविता तशी होते. कथासुद्धा होते, एक चांगला आठवडा मिळाला तर. पण कादंबरीचं गणित वेगळं आहे. समजा साठ हजार शब्दांची कादंबरी आहे आणि तुम्ही एका बैठकीत तीनशे शब्द लिहिता, तर दोनशे बैठका झाल्या. दोनशे वेळा उर्मी येत नसते, कुणालाच येत नसते. तेव्हा "सुरुवात कशी करू" हा प्रश्न मी तरी सोडून दिला, सुरुवात सगळेच करतात, आपल्याकडे त्याला आरंभशूर म्हणतात. खरा प्रश्न असा आहे की उद्या मी या टेबलापाशी परत कशासाठी येणार आहे? ही परत येण्याची ओढ तयार करता येते, आणि ती कशी करायची तेच पुढे सांगतेय.

विषय नको, एक दृश्य शोधा

माझी नऊ वर्षं वाया गेली कारण माझ्याकडे विषय होता. "मला भावंडांच्या नात्यातल्या दुराव्यावर लिहायचंय." हे ऐकायला छान वाटतं, लोक मान डोलावतात, पण हे वाक्य रात्री दहा वाजता दमलेल्या माणसाला खुर्चीत बसवू शकत नाही. कारण त्यात काही घडत नाहीये, कुणी कुठे उभं नाहीये, कळून घ्यावं असं काही उरलेलंच नाहीये.

मग एक दिवस असंच भांडी विसळताना एक चित्र डोक्यात आलं. एक बाई आपल्या वारलेल्या भावाचं कपाट आवरतेय. खालच्या खणात बुटांचा एक बॉक्स आहे, आत नवे कोरे बूट, कागद अजून आत कोंबलेला, आणि ते बूट भावाच्या मापाचे नाहीत. दोन नंबर लहान आहेत.

बस, एवढंच. पण ते बूट मला सोडेनात. कुणाचे आहेत? भावाला मूल होतं का कुठे? की त्याने बहिणीसाठीच घेतले होते आणि दिले नाहीत? द्यायचे होते तर का दिले नाहीत, मध्ये काय झालं? आणि ही बाई ते बूट घालून बघेल का? चार दिवस मी कुठेही असले तरी हेच. पाचव्या दिवशी मी लिहायला बसले ते प्रेरणा आली म्हणून नाही, मला ते बूट कुणाचे आहेत हे कळून घ्यायचं होतं म्हणून.

तुमच्याकडेही असं काहीतरी आहे, नक्की आहे. ते शोधायची माझी पद्धत अशी: आठवडाभर काही लिहू नका, फक्त लक्ष ठेवा की कोणतं चित्र परत परत येतंय. लहानपणी अर्धवट ऐकलेलं मोठ्यांचं बोलणं, एखाद्या लग्नात कोपऱ्यात एकटा बसलेला माणूस, कुणीतरी घाईने बंद केलेलं दार. ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे ते बाजूला ठेवा. ज्याचं उत्तर माहीत नाही आणि तरी सोडवत नाही, ते घ्या. तुम्हाला स्वतःला जे कळलेलं नाही तेच तुम्हाला दोनशे वेळा परत आणेल.

आणि हे कुणालाही सांगू नका. मला हे फार मनापासून सांगायचंय, कारण मी पहिल्या नऊ वर्षांत जी गोष्ट चाळीस लोकांना सांगितली ती माझ्यासाठी सांगूनच संपून गेली होती. सांगितलं की समोरच्याचे डोळे चमकतात, "वा, लिही लिही" म्हणतो, आणि जो आनंद पान लिहून मिळायला हवा होता तो फुकटात मिळून जातो. बुटांबद्दल मी चौदा महिने घरात पण बोलले नाही.

का लिहायचंय ते एकदा कागदावर उतरवा

हे पटकन सांगते. एक चिठ्ठी लिहा, तुम्ही सोडून कुणी वाचणार नाही अशी, की मला ही कादंबरी का लिहायचीय. नाव व्हावं, पुस्तक हातात घेऊन फोटो काढावा, असं वाटत असेल तर तेही लिहा, त्यात काही वाईट नाही. पण तेवढंच एक कारण असेल तर सांभाळून, कारण पुढचं वर्षभर तुमचं पान कुणीही बघणार नाहीये, कौतुक शून्य. त्याच्या खाली अजून एक कारण हवं, जे कुणी बघत नसतानाही खरं राहील. माझ्या चिठ्ठीत होतं: "मला भांडण झालं तेव्हा जे बोलता आलं नाही ते त्या बाईला बोलू द्यायचंय." ती चिठ्ठी मी वहीच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवली होती.

वेळ, म्हणजे किती वेळ

वेळ मिळत नाही हे खरं असतं, मी कुणालाही "काढला की निघतो" असं म्हणणार नाही, घरात आजारी माणूस असेल किंवा दोन शिफ्टचं काम असेल तर तो खरंच निघत नाही. पण एकदा शांतपणे गणित करून बघा. तीनशे शब्द म्हणजे हाताने लिहिलं तर साधारण दीड-दोन पानं, अर्धा-पाऊण तास. आठवड्यातून पाच दिवस धरले तर दोनशे बैठका म्हणजे चाळीस आठवडे. वर्षाच्या आत ड्राफ्ट होतो, दोन आठवडे आजारपणाचे आणि दोन आठवडे पाहुण्यांचे धरूनसुद्धा. दीडशे शब्दच जमत असतील तर पावणेदोन वर्षं धरा. नऊ वर्षं वाट बघण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं.

अँथनी ट्रॉलप हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज लेखक पोस्ट खात्यात नोकरी करायचा, बरीच वर्षं ती सांभाळून लिहायचा, आणि त्याच्या एकूण सत्तेचाळीस कादंबऱ्या झाल्या. पहाटे साडेपाचला टेबलावर, समोर घड्याळ, दर पाव तासाला 250 शब्द, असा त्याचा शिरस्ता त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलाय. हा वेग आपल्याला झेपणारा नाही आणि झेपायची गरजही नाही. मला त्यातलं वेगळंच आवडतं, की तो पहिला अर्धा तास नवीन काही लिहायचाच नाही, आदल्या दिवशीचं वाचायचा. हे मी उचललं, फक्त अर्ध्या तासाऐवजी पाच मिनिटं. कालचं पान वाचताना कुठेतरी एक वाक्य खटकतं, ते सुधारायला पेन उचलायचं आणि तसंच पुढे जायचं. कोऱ्या पानासमोर बसण्याची जी भीती असते ना, पोटात गोळा येतो ती, ती यात येतच नाही कारण पान कोरं नसतंच.

अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसन यांचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. प्रकाशन संस्थेत संपादकाची नोकरी, दोन लहान मुलगे, एकटीचं घर, आणि पहाटे उजाडायच्या आत लिहिणं. पहिली कादंबरी 1970 मध्ये आली तेव्हा त्या एकोणचाळीस वर्षांच्या होत्या, आणि 1993 मध्ये नोबेल मिळालं. ज्यांना वय झालं असं वाटतंय त्यांच्यासाठी अजून एक: इंग्रज लेखिका पेनेलपी फिट्झजेराल्ड यांची पहिली कादंबरी 1977 मध्ये आली, वय साठ, आणि दोनच वर्षांनी त्यांना बुकर मिळालं. म्हणजे उशीर झालाय हे कारण मनातून काढून टाका, बाकीची कारणं खरी असू शकतात पण हे नाही.

वेळ ठरवताना "रोज सकाळी सात वाजता" असं घड्याळाला बांधू नका, कारण एक दिवस साडेसात झाले की सगळं मोडलं असं वाटतं. त्यापेक्षा आधीच रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधा. मुलगी झोपली की दिव्याखाली बसायचं. ऑफिसमधून आल्यावर तोंड धुतलं की बसायचं. माझं होतं, रात्री किचनचा ओटा पुसून झाला की फडकं वाळत टाकायचं आणि तिथूनच टेबलाकडे. दोन महिन्यांनी असं झालं की ओटा पुसतानाच वाक्यं यायला लागली.

फोन दुसऱ्या खोलीत. सायलेंट करून शेजारी ठेवणं चालत नाही, खरंच नाही, मी सगळं करून पाहिलंय.

उद्यासाठी थोडं शिल्लक ठेवा

या एका युक्तीने माझी कादंबरी पूर्ण झाली असं मी म्हणेन, आणि ती माझी नाही, अमेरिकन लेखक हेमिंग्वे सांगायचा ती आहे, की पुढे काय होणार हे माहीत असतानाच थांबायचं. आपण उलट करतो. जोर आहे तोवर लिहित सुटतो, सगळं रिकामं झालं की उठतो, आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या विहिरीपाशी येऊन उभे राहतो.

मी एक पाऊल पुढे जाऊन वाक्य अर्धवट सोडायला लागले. माझ्या वहीत एका रात्रीचं शेवटचं वाक्य असं आहे: "तिने डाव्या बुटात हात घातला, आतला कागद बाहेर काढला आणि". तिथे पेन ठेवलं. मला माहीत होतं कागदावर काहीतरी लिहिलेलं आहे, काय लिहिलंय तेही बऱ्यापैकी माहीत होतं. ती अख्खी रात्र आणि दुसरा अख्खा दिवस मी त्या "आणि"च्या पुढे जगत होते. रात्री परत बसले तेव्हा कुणी ढकलावं लागलं नाही. सुरुवातीला अर्धवट सोडून उठणं फार जड जातं, विसरून जाईन असं वाटतं. तर पानाच्या कडेला दोन शब्द लिहून ठेवा, माझ्याकडे "पावती, तारीख" एवढंच लिहिलेलं होतं.

पहिल्या प्रकरणात अडकू नका

मी पहिलं प्रकरण अकरा वेळा लिहिलं होतं. अकरा वेळा, आणि दुसरं एकदाही नाही. प्रत्येक वेळी वाचलं की वाटायचं अजून हवं तसं नाही, हे नीट झाल्याशिवाय पुढे कसं जाणार, आणि त्यात इतकी दमून जायची की पुढे जायची इच्छाच राहायची नाही. नंतर कळलं की पहिलं प्रकरण नीट होऊच शकत नव्हतं, कारण शेवट काय आहे हे मला माहीत नव्हतं आणि सुरुवात कशी हवी हे शेवट कळल्यावरच कळतं. बहुतेकांचं पहिलं प्रकरण शेवटी बदलतंच.

म्हणून नियम एकच: मागचं पान वाचायचं, एक-दोन शब्द इकडेतिकडे करायचे, पण आदल्या दिवसाच्या मागे जायचं नाही. काहीतरी चुकलंय असं लक्षात आलं तर कंसात नोंद करायची आणि पुढे चालू लागायचं. माझ्या ड्राफ्टमध्ये "(इथे वहिनीला आधीच माहीत असायला हवं, मागे बदल)" अशा चाळीस-एक नोंदी होत्या. पस्तिसाव्या पानावर मी भावाचं नाव बदललं आणि मागची चौतीस पानं जुन्याच नावाने राहू दिली. काही बिघडलं नाही. पहिला ड्राफ्ट हा शेंडा ना बुडखा असा असला तरी चालतो, तो असणं महत्त्वाचं आहे, कारण नसलेलं पान कुणालाच सुधारता येत नाही.

मधे घोडं अडतं तेव्हा

हे येणारच आहे. माझं साठाव्या पानाला आलं, कुणाचं तिसाव्याला येईल कुणाचं नव्वदाव्याला. सुरुवातीचा जोर संपलेला असतो, शेवट दिसत नसतो, आणि एकदम एक दुसरीच कादंबरी सुचायला लागते जी फार सुंदर वाटते. ती सुचलेली कादंबरी दोन ओळीत लिहून ठेवा आणि वही बंद करा. तिच्याकडे गेलात तर तिचं पण साठावं पान येणारच आहे.

अडल्यावर मी आधी हेच विचारायची की या माणसाला आत्ता काय हवंय आणि ते मिळण्यात कोण आडवं येतंय. बऱ्याच वेळा एवढ्यावर गाडं पुढे जातं, कारण अडण्याचं कारण हे असतं की चार-पाच पानं कुणालाच काही हवं नसतं, सगळे नुसते बसून बोलतायत. पण साठाव्या पानावर हे चाललं नाही. पंधरा दिवस मी रोज बसून वर्णनं लिहित होते, पावसाचं, जिन्याचं, खिडकीचं. मग एका रात्री स्वतःला वेगळा प्रश्न विचारला: मी काय लिहायचं टाळतेय?

आणि उत्तर लगेच आलं, कारण ते मला आधीपासून माहीत होतं. बहीण आणि भाऊ यांचं शेवटचं भांडण. ते दृश्य मी सारखं "नंतर लिहू" म्हणून पुढे ढकलत होते, कारण त्यात माझं स्वतःचं काहीतरी होतं, मी स्वतः कुणालातरी बोललेली वाक्यं होती. त्या रात्री मी क्रम सोडला आणि थेट ते भांडण लिहिलं. हात थरथरत होता, मध्ये उठून पाणी पिऊन आले. नऊ पानं झाली, एका बैठकीत माझ्याकडून कधीच नऊ पानं झाली नव्हती. त्यानंतर वर्णनांची गरजच उरली नाही, सगळी कादंबरी त्या भांडणाच्या दोन बाजूंना आपोआप लागत गेली.

तुम्ही जे टाळताय ते बहुतेक वेळा कादंबरीचं काळीज असतं. क्रमाने लिहायला हवं असं कुठेही नाही. उडी मारा, ते आधी लिहा.

दिवस चुकतात त्याचं काय

चुकतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांचा सवयींवरचा एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला, लिखाणावरचा नाही, खाणं-पिणं-व्यायाम अशा साध्या रोजच्या सवयींवरचा. एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतात असं त्यात दिसलं, पण माणसामाणसात फरक प्रचंड, 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत. म्हणजे "एकवीस दिवसात सवय लागते" हे जे सगळीकडे फिरत असतं त्यावर विसंबून बाविसाव्या दिवशी निराश होऊ नका. आणि त्याच अभ्यासात हेही दिसलं की मध्ये एखादा दिवस हुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही. हे वाचून मला केवढं हायसं वाटलं होतं.

चुकलेल्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी सहाशे शब्द लिहून करायची नाही. ते कर्जासारखं होतं, तीन दिवस चुकले की बाराशे शब्द डोक्यावर बसतात आणि माणूस टेबलाकडे फिरकतच नाही. चुकला तो गेला, आज परत तीनशे. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलं त्या दिवशी फक्त एक टिंब द्यायची, न लिहिलेल्या दिवशी फुली वगैरे काही नाही. टिंबं मोजायला छान वाटतं.

शंभरेक पानं झाली की एका माणसाला वाचायला द्या, एकालाच, आणि तो वाचणारा असावा, लिहिणारा असलाच पाहिजे असं नाही. त्याला "कसं वाटलं" विचारू नका, त्यावर सगळे "छान" म्हणतात आणि त्या छानचं काही करता येत नाही. विचारा की वाचता वाचता कुठे बाजूला ठेवावंसं वाटलं आणि पुढे काय होईल असं वाटतंय. माझ्या मैत्रिणीने दोनच गोष्टी सांगितल्या, जिन्याच्या वर्णनाला झोप आली आणि ते बूट बहिणीचेच आहेत ना गं? तिचा अंदाज चुकीचा होता, पण तिला ते कळून घ्यायचंय हे ऐकून मी पुढची चाळीस पानं कशी लिहिली ते माझं मलाच कळलं नाही.

आणि समजा फारच मोठा खंड पडला. मला पडला होता, घरात हॉस्पिटलचं चाललं होतं, अडीच महिने वही उघडली नाही. उघडली तेव्हा सगळं परकं वाटत होतं, ही बाई कोण, हे कुणी लिहिलंय. अशा वेळी पहिल्यापासून सगळं वाचायला घेऊ नका, वाचता वाचता चुका दिसतात आणि उरलासुरला धीर जातो. शेवटची दोन पानं घ्या, नवीन कागद घ्या, आणि ती दोन पानं जशीच्या तशी हाताने उतरवून काढा, शाळेत शुद्धलेखन लिहायचो तसं, एकही शब्द न बदलता. पहिलं पान होईपर्यंत काहीच वाटत नाही. दुसऱ्या पानाच्या मध्यावर कुठेतरी हाताला ती लय आठवायला लागते, त्या बाईचा आवाज परत कानात येतो, आणि उतरवायचा मजकूर संपतो तेव्हा पेन थांबत नाही. माझं ते शेवटचं उतरवलेलं वाक्य होतं, "बॉक्सचं झाकण तिने परत लावलं नाही." त्याच्या पुढचं वाक्य नवीन होतं, आणि ते त्याच रात्री आलं.